छाटणीआधीचे गुलाब

दसऱ्याला बांधलेली झेंडूची तोरणे दारावर वाळून खडखडीत झाली आहेत, कोजागिरी होऊन चार दिवस लोटले आहेत, आणि अंगणातल्या गुलाबांना पाणी देणे थांबवून आज दहा दिवस झाले. उद्या सकाळी माळीमामा सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन येतील. आज संध्याकाळी मी झाडांवरची फुले मोजली, तेव्हा सात उमललेली आणि तीन कळीतली निघाली. दरवर्षी कोजागिरी ते दिवाळी या पंधरवड्यात आमच्या लातूरच्या घरी गुलाबांची छाटणी होते, आणि छाटणीच्या आधी झाडाला ताण दिलेला असतानाचे हे दिवस मला वर्षातले फार जवळचे वाटतात. बाग या दिवसांत दाखवण्यासारखी नसते. पाहुण्यांना मी ती दाखवतही नाही. तरीही याच दिवसांत मी झाडांपाशी सर्वांत जास्त वेळ बसते.

हिवाळ्याआधीचे शेवटचे गुलाब म्हटले की थंड देशांतले चित्र आधी डोळ्यांपुढे येते. तिकडे रात्रीचे दव पाकळ्यांवरच गोठू लागले की गुलाबाचा हंगाम संपतो. जाणती माणसे त्याच्या आधीच, शरदात, सुकलेली फुले खुडणे थांबवतात. मग देठाशी लालसर फळे धरतात, नवी कोवळी फूट यायची थांबते आणि झाड थंडी सोसण्यासाठी निबर होते. मुख्य छाटणी ते लोक थंडी सरता सरता करतात. आपल्याकडे सगळे याच्या उलट आहे. मराठवाड्यात थंडी ही गुलाबाची वैरीण नाही, ती त्याची माहेरवाशीण आहे. आमचे उत्तम गुलाब डिसेंबर-जानेवारीत फुलतात, आणि त्यांना जागा करून देण्यासाठी पावसाळ्यातली उरलीसुरली फुले आपल्यालाच, आपल्या हातांनी, कापून टाकावी लागतात. तिकडे शेवटचा गुलाब हिमाने जातो, इकडे तो कात्रीने जातो. म्हणून तो नीट पाहून घेण्याची जबाबदारीही आपल्यावर येते, असे मला मनापासून वाटते.

ही फुले देखणी नसतात, हे आधीच सांगायला हवे. चार महिन्यांच्या पावसाने झाड थकलेले असते. आमची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. खड्डा दोन फूट खोल घेऊन त्यात मुरूम आणि शेणखत मिसळले नसते, तर बुडाशी पाणी साचून मुळ्या केव्हाच कुजल्या असत्या. तेवढे करूनही पावसाळ्यात खालच्या पानांवर काळे ठिपके पडतातच. ठिपक्यांभोवतीचे पान पिवळे होते आणि बोट लावताच गळून पडते. ऑक्टोबर उजाडेपर्यंत झाडाच्या खालच्या निम्म्या अंगावर पान राहत नाही. उघड्या, काटेरी, तपकिरी काड्यांच्या टोकाला तेवढी थोडी हिरवळ आणि तिच्यावर एखादे फूल. त्यात ऑक्टोबरचे ऊन. दुपारी पारा 32 अंशांच्या आसपास असतो, सकाळी अर्धवट उमललेली कळी अकरापर्यंत पूर्ण उघडते आणि तिसऱ्या प्रहरी तिच्या कडा करपू लागतात. थंडीत तीच कळी तीन-तीन दिवस सावकाश उमलते, पाकळ्यांचा रंग गडद धरते. आत्ताच्या फुलाला एवढी सवड नसते. त्याचे सगळे आयुष्य एका सकाळीत आटोपते, आणि ती सकाळ चुकली की ते फूल आपण पाहिलेच नाही असे होते.

पांढऱ्या गुलाबाचे तर फार वाईट होते. आमच्याकडे ‘डॉ. होमी भाभा’ या जातीचे एक झाड आहे. ही जात डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी तयार केली. पाल हे मूळचे गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेरा रोगाला दाद न देणारे गव्हाचे वाण काढण्यात त्यांचे मोठे काम आहे, आणि 1965 मध्ये ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. एवढ्या व्यापात असलेल्या माणसाने गुलाबांच्या नव्या जातींसाठी आयुष्यभर वेळ काढला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. देशाच्या पोटाची चिंता वाहणाऱ्या माणसाला फुलांचीही तितकीच आस्था असू शकते, आणि त्यात काही विसंगती नाही, याचा तो धडधडीत पुरावा आहे. तर या पांढऱ्या गुलाबाची कळी भर पावसात बहुधा उमलतच नाही. बाहेरच्या पाकळ्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटतात, वर ऊन पडले की त्यांचा कागदासारखा पापुद्रा होतो आणि आतले फूल आतच कुजते. या वर्षी श्रावण-भाद्रपदात त्याच्या नऊ कळ्या अशा गेल्या. मी कधी कधी बोटाने बाहेरची पाकळी हलकेच सोडवून देते. एखाद-दुसऱ्या फुलाची त्याने सुटका होते. पाऊस थांबल्यावर आलेले एक फूल मात्र यंदा कोणाच्या मदतीवाचून उमलले. आकाराने ते लहान, मधोमध किंचित हस्तिदंती आणि एका पाकळीवर चिमुकला तपकिरी डाग असलेले. चार दिवसांपूर्वी सकाळी सहा वाजता मी ते पाहिले आणि चहा थंड होईपर्यंत तिथून हलले नाही.

त्याच्या शेजारी ‘सुपरस्टार’ आहे. 1960 च्या सुमारास जर्मनीतून जगभर गेलेला हा शेंदरी रंगाचा गुलाब. त्या काळी असा झळझळीत रंग लोकांना नवलाचा वाटला होता. ऑक्टोबरच्या उन्हात त्याचा शेंदूर दुपारपर्यंत विटतो, पण सूर्योदयाआधीच्या उजेडात तो आतून पेटल्यासारखा दिसतो. त्यामुळे या झाडाकडे मी उजाडायच्या आत जाते.

पण मनातली पहिली जागा गावठी गुलाबाची. त्याला जातीचे नाव नाही, कलमाचा खुंट नाही. माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा माहेराहून त्यांनी आणलेल्या एका फाट्याचा हा वंश आहे. त्याचे फूल गुलाबी, सैल, पाकळ्या पातळ. उभ्या देठाचे, टोकदार कळीचे, दुकानात शोभणारे हे फूल नव्हे. हातात घेतले की दोन पाकळ्या गळतातच. पण वास असा की अंगणात कोणते झाड फुलले आहे हे डोळे मिटूनही सांगता यावे. फुलांच्या बाजारात ‘ग्लॅडिएटर’ जातीच्या गुलाबांच्या जुड्या असतात, हरितगृहांतून आलेले लांब दांड्यांचे गुलाब असतात, आणि ते चार-चार दिवस टवटवीत राहतात याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण त्यांना नाक लावले की पाण्याचा वास येतो. गुलाबाला वास असावा ही माझी अट जुनी आहे आणि ती मी सोडणार नाही.

सासूबाई या दिवसांत गावठी गुलाबाची एकही पाकळी वाया जाऊ देत नसत. सकाळी दव सुकताच, ऊन चढायच्या आत फुले खुडायची, कारण ऊन लागले की वास उडून जातो. पाकळ्या सुपात पसरून किडे-मुंग्या पाहून घ्यायच्या, मग काचेच्या बरणीत एक थर पाकळ्यांचा आणि एक थर कुटलेल्या खडीसाखरेचा, आणि तोंडाला फडके बांधून बरणी गच्चीवर उन्हात. ऑक्टोबरचे जे ऊन फुलांना करपवते, तेच गुलकंदाला मुरवते. पावसाळ्यात गुलकंद घालायला त्या तयार होत नसत, ओलीने बुरशी येते म्हणून. छाटणीच्या आधीच्या या फुलांचाच त्या गुलकंद घालीत, आणि मीही तेच करते. यंदा पाऊण बरणी भरली आहे. दिवसाआड चमच्याने ढवळताना पाकळ्यांचा रंग तांबूस होत गेलेला दिसतो, आणि बरणी उघडली की माजघरापर्यंत वास येतो. त्या गेल्याला सहा वर्षे झाली; त्यांची बरणी तीच आहे.

या गावठी झाडाचा मला वाटणारा आदर 2016 सालापासून आहे. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. आमच्या घरी पाण्याचा एकेक तांब्या मोजून वापरला जात होता. अशा वेळी झाडांना पाणी घालणे म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडचे पाणी मातीत ओतण्यासारखे वाटे. तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी एका बादलीत साठवून मी ते संध्याकाळी वाटून द्यायची. अकरा झाडांना एक बादली. सात झाडे गेली. कलमी झाडे वरून खाली वाळत आली. आज बोटभर काळे, उद्या वीतभर. गावठी गुलाबाने सगळी पाने टाकून दिली, एप्रिल-मे दोन्ही महिने तो नुसत्या काड्यांवर उभा राहिला, आणि जूनमध्ये पहिल्या पावसानंतर बुडातून त्याला तांबडी फूट आली. ते पाहून सासूबाई पायरीवर बसून रडल्या होत्या. मीही रडले होते. त्यानंतर ज्या वर्षी ऑक्टोबरमध्ये झाडांवर फुले आहेत, ते वर्ष चांगले गेले असे मी मानते.

माळीमामांना माझी ही चालढकल पसंत नाही. गेल्या आठवड्यात ते फाटकातून डोकावले आणि म्हणाले, “बाई, फुलाकडं बघत बसलं की लाकूड म्हातारं होतंय बघा.” त्यांचे म्हणणे खरे आहे. छाटणीनंतर साधारण 45 दिवसांनी बहर येतो, म्हणजे जितका उशीर इकडे, तितका तिकडे. शिवाय जुन्या काडीवर येणारे फूल उत्तरोत्तर लहान होत जाते. आत्ताची फुले पाहिली की ते कोणालाही कळावे. तरी मी त्यांच्याकडून दरवर्षी चार दिवस मागून घेते, आणि ते नाराजीने का होईना, देतात.

उद्या काय होणार हे मला पाठ आहे. आधी वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींत घुसलेल्या काड्या निघतील. मग कलमी झाडांच्या निरोगी काड्यांवर बुडापासून चार-पाच डोळे, म्हणजे फूट येण्याच्या जागा, राखून, बाहेरच्या अंगाला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडे वर, तिरका काप बसेल. तिरका अशासाठी की पाणी कापावर साचू नये. कलमाच्या सांध्याखालून आलेली रानटी फूट मुळापासून काढली जाईल. गावठी गुलाबाला मात्र हलकाच हात लागेल, तो जास्त कापलेला सोसत नाही. त्यानंतरचे काम माझे. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात आणि 100 ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र केले की कापांना बुरशीपासून जपणारी बोर्डो पेस्ट तयार होते. ती जुन्या ब्रशने प्रत्येक कापावर लावायची. लोखंडी भांडे याला चालत नाही, मोरचूद ते खाऊन टाकते. मग आळी मोकळी करून शेणखत आणि निंबोळी पेंड द्यायची आणि इतक्या दिवसांनी पहिले पाणी सोडायचे. आठ-दहा दिवसांत डोळे फुगून तांबूस कोंब दिसू लागतात. येळवसेच्या दिवशी, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, शेतावर पूजेसाठी भज्जी (मिसळीची भाजी) आणि आंबील घेऊन निघताना, पूजेच्या ताटात ठेवायला बहुतेक वर्षी नव्या बहराची फुले मिळतात.

ती फुले मोठी असतील, निर्दोष असतील, आणि रात्री पारा 12-13 अंशांपर्यंत उतरला की त्यांचा रंग असा येईल की रस्त्याने जाणारी माणसे थांबून पाहतील. त्यांची वाट मीही पाहते. पण त्या भरघोस दिवसांत मी एका फुलापाशी फार वेळ थांबत नाही, कारण दुसरे लगेच शेजारी असते. आज सातच आहेत, आणि सातही मला वेगवेगळी ओळखू येतात. फाटकाजवळच्या सुपरस्टारची एक पाकळी किड्याने अर्धचंद्रासारखी खाल्ली आहे. तुळशीमागच्या गावठी झाडावरची तीन फुले एकाच देठावर दाटीने आली आहेत आणि त्यांतले मधले थोडे वाकडे आहे. पांढऱ्याचे एक फूल उरले आहे, त्याच्यावर सकाळपासून एक मधमाशी तीनदा येऊन गेली.

मामांनी फुलांसकट काड्या कापून ढिगात टाकलेल्या मला पाहवत नाहीत, म्हणून आत्ता, दिवेलागणीच्या वेळी, मी स्वतः सातही फुले कापून आणली. गावठी तीन देवघरात ठेवली. बाकीची चार पितळी तांब्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीत आहेत. तीन कळ्या मात्र मी झाडावरच ठेवल्या; त्यांतली पांढरी कळी पहाटे उमलेल असे तिच्या टोकाकडे पाहून वाटते आहे. मामा साडेसातला येतात. मी साडेपाचचा गजर लावला आहे.