गोल्फची किट घेण्याआधी वावर पाहा

"मावशी, येतानी एक गोल्फचा सेट घेऊन ये. मले शिकाचं हाय." भाच्याचा हा फोन आला आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवर एका ड्रायव्हरचा, म्हणजे लांब मारायच्या गोल्फच्या काठीचा फोटो. काळाकुळकुळीत, चकचकीत, किंमत वाचून मीच गप्प झाले. नागपुरात नोकरीला लागल्यापासून त्याचे साहेब त्याला शनिवारी गोल्फ खेळायला नेतात, आणि रविवारी हा आर्वीजवळच्या आमच्या गावी येऊन सराव करायचं म्हणतो. कुठे? तर पऱ्हाटी उपटल्यावर रिकाम्या झालेल्या वावरात. "मारला तं पार धुऱ्याच्या पल्याड गेला पाह्यजे," हे त्याचं गणित. मागून माझ्या बहिणीचा आवाज, "एवढ्या पैशात गोऱ्हा येते!"

मी राहते स्कॉटलंडमधल्या डंडीत. टे नदीच्या अलीकडे पूर्वेला कार्नूस्टी, पूल ओलांडून दक्षिणेला सेंट अँड्रूज, दोन्ही गोल्फची नावाजलेली गावं. गोल्फ म्हटलं की आपल्याकडे क्लबची पायरी, साहेबलोक आणि पांढरी टोपी डोळ्यांपुढे येते. त्यात नवल नाही. १८२९ साली कलकत्त्यात क्लब निघाला तेव्हापासून हा खेळ आपण कुंपणाबाहेरूनच पाहिला. इथे मात्र शाळेतली पोट्टी पाठीवर बॅग घेऊन बसमध्ये चढतात. सेंट अँड्रूजचं ओल्ड कोर्स हे जगप्रसिद्ध गोल्फचं मैदान रविवारी खेळासाठी बंद असतं आणि गावातली माणसं त्यावर कुत्री फिरवायला नेतात. जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानांत कोपऱ्यात एका पिंपात सुटे क्लब (गोल्फच्या काठ्यांनाही क्लबच म्हणतात) उभे असतात, एकेक निवडून घ्या. त्यामुळे 'सेट' ही गोष्ट पहिल्या दिवशी विकत घ्यायची असते, असं इथे कुणाला वाटत नाही.

माझी सुरुवात पटरपासून झाली, म्हणजे बॉल खळग्याकडे घरंगळवायच्या क्लबपासून. ओल्ड कोर्सला लागूनच चढउतारांचं एक हिरवं मैदान आहे, लोक त्याला 'हिमालयाज' म्हणतात. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या बायकांच्या पटिंग क्लबचं ते मैदान. त्या काळी बाईने क्लब खांद्याच्या वर उचलणं असभ्य समजलं जाई, म्हणून बायकांनी जमिनीवरून बॉल घरंगळत नेण्याचा खेळ आपलासा केला. आज ते मैदान कुणालाही खुलं आहे. पटर आणि बॉल तिथेच मिळतात, थोडे पैसे भरायचे आणि अठरा खळगे खेळायचे. बाजूला जगातल्या सगळ्यात जुन्या गोल्फ संस्थांपैकी एक, रॉयल अँड एन्शंट क्लब. त्यांनी बायकांना सभासदत्व द्यायला २०१४ उजाडलं. असो, तो विषय काढला तर किट राहील बाजूला.

सांगायचं हे की पहिला खर्च पटरवर करा. साध्या हिशेबाने अठरा होलच्या मैदानावर होलमागे पटरचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे छत्तीस फटके एकाच क्लबचे. ड्रायव्हर फार तर चौदा वेळा बाहेर निघतो. टोकियो ऑलिंपिकमधली आपली अदिती अशोक आठवा. लांब मारण्यात ती मागे होती, पण पटिंगच्या जोरावर चौथी आली, पदक अगदी थोडक्यात हुकलं. तिची बॅग तेव्हा तिच्या आईने उचलली होती, हे मी माझ्या बहिणीला मुद्दाम सांगितलं. पटर निवडताना वाकून उभं राहा, हात सैल सोडा, डोळे बॉलच्या बरोबर वर किंवा किंचित आत आले पाहिजेत. बहुतेकांना ३३ ते ३५ इंचांत काम भागतं. हात आपसूक वळवत मारणाऱ्याला सडपातळ पात्याचा पटर बरा, सरळ मागे-पुढे नेणाऱ्याला मोठ्या डोक्याचा. दुकानात दहा मिनिटं मारून पाहिलं की हात स्वतःच सांगतो.

आता तो ड्रायव्हर. बॅगेतला सगळ्यात लांब दांडा आणि, पटर सोडला तर, सगळ्यात कमी तिरपा चेहरा (बॉलला लागणारी बाजू), म्हणजे चुकायला सगळ्यात सोपा. चेहऱ्याच्या तिरपेपणाला लॉफ्ट म्हणतात. लॉफ्ट कमी असला की बॉल कमी उठतो आणि बाजूला वळायची खोड जास्त दाखवतो. भाच्याने पसंत केलेला ९ अंशांचा होता. तो जोरात पण हाताने मारणार, कारण आपली सगळी पोट्टी क्रिकेटची. खालचा हात ताकद लावतो, कंबर मागेच राहते. अशा माणसाला १०.५ किंवा सरळ १२ अंशांचा घेतला तर बॉल हवेत जास्त वेळ राहतो आणि एकूण अंतरही वाढतं. डोकं मोठं म्हणून जास्त पैसे मोजू नका. नियमाप्रमाणे ४६० घन सेंटिमीटरच्या वर डोकं चालत नाही आणि आज जवळजवळ सगळ्या कंपन्या त्या मर्यादेला टेकल्या आहेत. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी ड्रायव्हर घेऊच नका, एक हायब्रिड घ्या, म्हणजे ड्रायव्हरपेक्षा आखूड आणि मारायला सोपा क्लब. रुसून फोन ठेवला त्याने, दुसऱ्या दिवशी परत केला.

आणि चौदा क्लब भरायची गरज नाही. चौदा ही कमाल मर्यादा आहे, ती १९३० च्या दशकाच्या शेवटी आली, कारण तोवर काही खेळाडू वीस-वीस, पंचवीस-पंचवीस क्लब कॅडीच्या, म्हणजे बॅग उचलणाऱ्याच्या खांद्यावर लादत होते. शिकणाऱ्याला हायब्रिड, सात आणि नऊ नंबरची आयर्न (पातळ धातूच्या डोक्याचे क्लब), पिचिंग वेज, सँड वेज (जवळून आणि वाळूतून बॉल उंच उचलायचे क्लब) आणि पटर एवढं पुरतं. याला अर्धा सेट म्हणतात आणि यात लाज काही नाही. हातात पर्याय कमी असले की माणूस एकाच आयर्नने अर्धा फटका, पाऊण फटका मारायला शिकतो.

मग माप. इथल्या दुकानात फिटिंग करताना आयर्नच्या बुडाला टेप चिकटवतात आणि प्लास्टिकच्या फळीवर ठेवलेला बॉल मारायला लावतात. फळीला घासून टेपवर खूण उमटते. खूण टोकाकडे आली तर क्लब तुमच्यासाठी सपाट, दांड्याकडे आली तर फार उभा. दांडा जमिनीशी करतो त्या कोनाला लाय म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब जास्त उभा असला की बॉल डावीकडे जातो, सपाट असला की उजवीकडे. हे कळलं नाही तर माणूस वर्षभर स्वतःच्या खांद्याला दोष देत बसतो. भाच्याचं पहिलं माप आम्ही व्हिडिओ कॉलवरच घेतलं. बूट घालून सरळ उभा, हात लोंबते, शिंप्याच्या टेपने मनगटाच्या रेघेपासून जमिनीपर्यंत. बहुतेक तक्त्यांत ३४ ते ३७ इंचांच्या आसपास आलात की नेहमीची लांबी चालते. उंच असूनही हात लांब असतील तर लांब दांडा लागत नाही, म्हणून नुसती उंची सांगून क्लब मागवू नका. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लांबी वाढवून घेण्याचा विचारही नको. लाय वाकवायचं काम फोर्ज केलेल्या मऊ लोखंडात सहज होतं, ओतीव स्टीलमध्ये जेमतेम एक-दोन अंश, तेही त्यासाठीच्या यंत्रावर.

दांड्याची लवचीकता हा दुसरा घोळ. आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ, ए म्हणजे थोडा सैल, एल म्हणजे बायकांसाठी, असं छापलेलं असतं. ही अक्षरं कंपनीगणिक बदलतात आणि खरं तर ती वेगावर ठरायला हवीत. ड्रायव्हरचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर साधारण रेग्युलर, त्याच्या वर स्टिफ. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका एलपेक्षा ए चांगला मारतात आणि साठी ओलांडलेले कितीतरी बाप्ये मिशी सांभाळत स्टिफ वापरतात. आयर्नमध्ये स्टीलचा दांडा साधारण ९५ ते १३० ग्रॅम, ग्रॅफाइटचा त्याच्या निम्म्याच्या जवळ. कोपर दुखत असेल तर ग्रॅफाइट. पण दगडगोटे आणि पऱ्हाटीची खुटं असलेल्या वावरात ग्रॅफाइटचे टवके उडतात, तिथे जुनं स्टीलच बरं.

आयर्नचं डोकं निवडताना मागून खोलगट असलेलं घ्या. ही युक्ती लोकप्रिय केली कार्स्टन सोल्हाइम नावाच्या इंजिनिअरने. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करता करता १९५९ मध्ये त्याने घरच्या गॅरेजमध्ये पटर बनवला. वजन मधून काढून दोन्ही टोकांना नेलं, म्हणजे बॉल मध्यावर लागला नाही तरी डोकं हातात कमी फिरतं. त्या पटरवर बॉल आपटला की 'पिंग' असा आवाज येई, तेच कंपनीचं नाव झालं. पुढे तोच विचार आयर्नमध्ये आला. पातळ पात्याची सुंदर आयर्न फोटोत छान दिसतात, रविवारच्या खेळाडूच्या हातात नाही.

खरा विषय पुढे आहे आणि दुकानदार तो क्वचितच काढतात: जमीन. वेजच्या बुडाचा मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा खाली असतो. त्या कोनाला बाउन्स म्हणतात. बाउन्स जास्त असला की क्लब मऊ जमिनीत किंवा वाळूत रुतत नाही, घसरून पुढे निघतो. कमी असला की धार जमिनीलगत जाते. आमच्या बाबांना हे समजावायला मला अर्धं वाक्य लागलं. वखराची पास जास्त तिरपी बसली की खोल घुसते आणि बैल अडतात, सपाट बसली की वरवर खरडत जाते. ओल पाहून ती बसवावी लागते. ते म्हणाले, "मंग याले कोनती जमीन हाय ते इचार ना आधी."

बरोबर तोच प्रश्न. कार्नूस्टीची जमीन समुद्राकाठची, वाळूवर आखूड गवत, वाऱ्याने घट्ट झालेली. इथे ६ अंशांच्या आसपासचा बाउन्स छान चालतो. जास्त बाउन्सचा वेज अशा जमिनीवर उडतो, धार बॉलच्या पोटात लागते आणि बॉल ग्रीन (होलभोवतीचं आखूड गवत) ओलांडून भलतीकडे जातो. आपली काळी माती मात्र दोन जमिनी एकातच. श्रावणात गोळे होऊन बुटाला चिकटते, तिथे कमी बाउन्सची धार रुतून बसेल. मार्च-एप्रिलमध्ये भेगा पडून दगड होते, तिथे जास्त बाउन्सचा क्लब आदळून मनगट झिणझिणेल. भाचा पेरणी ते वेचणी वावरात पायही ठेवणार नाही, म्हणजे त्याचा सराव उन्हाळी कडक जमिनीवर आणि शनिवारचा खेळ पाणी दिलेल्या गवतावर. त्याला ५६ अंशांचा, ८ ते १० बाउन्सचा वेज सांगितला. मधला मार्ग. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) काढायला थोडा कमी पडेल, पण बुडाला बाउन्स असल्याशिवाय वाळूत निभाव लागत नाही, हे जीन साराझेन या अमेरिकी खेळाडूने ओळखलं होतं. त्याने वेजच्या बुडाला जादा धातू चढवून पाहिला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन तोच क्लब वापरून जिंकली. आमच्या वावरात मात्र मारताना काथ्याचं जाड पायपुसणं खाली अंथरायचं, नाहीतर दोन रविवारांत सात नंबरची धार बोथट.

बॉलवर पैसे घालवू नका. नियमाप्रमाणे तो ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान नको आणि ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नको, एवढ्यात सगळे बसतात. महागड्या बॉलचं युरेथेनचं मऊ कवच ग्रीनजवळ जास्त फिरकी देतं. नवख्याला ती फिरकी नकोच, फटका वाकडा गेला की बॉल अजून वाकडा जातो. दोन थरांचे टणक बॉल घ्या, आणि पांढरे घेऊ नका. शेजारच्या वावरात उशिराची वेचणी राहिली असेल तर फुटलेल्या बोंडांत पांढरा बॉल सापडणं विसरा. केशरी घ्या. आणि ढोरं आखरावरून परतायच्या वेळी, किंवा तुरीत कुणी बाया काम करत असतील तेव्हा, क्लब हातात धरायचाच नाही. पन्नास ग्रॅमच्या आतला तो गोळा ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने जाऊ शकतो. माझ्या बहिणीला मी ही अट पहिली घालायला लावली आहे.

आपल्या उन्हाचं एक वेगळं. मे महिन्यात क्लब गाडीच्या डिकीत ठेवून जाऊ नका. डोकं दांड्याला इपॉक्सीने चिकटवलेलं असतं, ग्रिपखाली टेप असतो, दोन्ही सततच्या तापाने सैल होतात. घामाने ग्रिप गुळगुळीत होते. भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या ब्रशने धुतली की परत धरते. दोऱ्याची वीण असलेली ग्रिप घामात छान, पण हाताला घट्टे पडायला हवेत. भाच्याचे नाहीत, बापाचे आहेत. ग्रिपची जाडी पाहायची रीत सोपी: डाव्या हातात धरल्यावर मधलं आणि करंगळीजवळचं बोट तळव्याला नुसतं टेकावं. बोटं रुतली तर बारीक, टेकलीच नाहीत तर जाड. हातमोजा कातड्याचा असेल तर खेळून झाल्यावर सावलीत वाळवा, उन्हात वाळलेला पापडासारखा कडक होतो.

डिसेंबरमध्ये येते आहे. बॅगेत पटर, सात नंबर, ५६ चा वेज आणि केशरी बॉलची पिशवी. हायब्रिडसाठी इथल्या पिंपांत शोध चालू आहे, आणि जुना घेताना डोकं हातात धरून दांडा पिळून बघतेय, किंचित जरी कुरकुरला तरी परत पिंपात. आर्वी-पुलगावकडच्या आणखी कुणाला सेकंडहँड काही हवं असेल तर मनगटापासून जमिनीपर्यंतचं माप आणि डावखुरे आहात की उजवे, एवढं आधी कळवा. क्रिकेटमध्ये डाव्या हाताने बॅट धरत असाल तर तेही लिहा. नामवंत गोल्फर फिल मिकेलसन लिहितो उजव्या हाताने आणि खेळतो डावखुरा, तेव्हा जेवायचा हात कोणता यावरून क्लब मागवू नका.