"बारावी पण करतोय हो बाहेरून!"

आज भुसावळला नात्यात बसायला गेलो होतो. कुणीतरी पोराला विचारलं, काय करतोस? "फिटर, दुसरं वर्ष," तो म्हणाला. सरकारी आयटीआयला आहे. त्याच्या आईने लगेच वरचं वाक्य जोडलं. तिला कशाची लाज वाटली, तेच डोक्यातून जात नाहीये.

नंतर पोराने सरावाचा एक जॉब दाखवला. एकात एक बसणारे लोखंडी पट्टीचे दोन तुकडे, हॅकसॉने कापून कानशीने घासलेले. जोडून त्याने ट्यूबलाइटसमोर धरले. "बघा काका, फटीतून उजेड दिसतोय का?" केसाएवढी रेघ एका कोपऱ्यात दिसत होती. "तिथे अजून घासायचंय," म्हणाला. आमचा इंजिनीअर भाचा शेजारीच मोबाईलमध्ये. असो.

वेल्डरचं एक वर्ष, फिटर-इलेक्ट्रिशियनची दोन. दहावीच्या गुणांवर, मेरिटने प्रवेश. शेवटी देशभर चालणारं सर्टिफिकेट, मग अप्रेंटिसशिप, तीही स्टायपेंडसकट. नोकरी हातात ठेवलेली नसते, हेही खरं. पण भुसावळात रेल्वेचं इलेक्ट्रिक लोको शेड आहे, जवळ दीपनगरचं वीज केंद्र, वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी. यातलं काय फिटरशिवाय चालतं? आणि लग्नाच्या बायोडाटात मात्र आपल्याला 'पदवीधर'च हवा.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी आयटीआय केलेलं आहे का? सध्या काय करतात?