फॉर्म बीचे किती घेता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. तुम्ही म्हणजे कोणी एक नाही. जानेवारी आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात फोन करणारे सगळेच सेक्रेटरी, ट्रेझरर आणि ‘मी फक्त विचारून ठेवतोय’ म्हणणारे कमिटी मेंबर. पहिला प्रश्न, “फॉर्म बीचे किती घेता?” आकडा सांगितला की दुसरा, “एका सहीला एवढे? मागचे निम्म्यात द्यायचे, आणि यायचेसुद्धा नाहीत.” हे ‘यायचेसुद्धा नाहीत’ तुम्ही तक्रार म्हणून नाही, कौतुक म्हणून सांगता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

२००६ चा महाराष्ट्राचा आगप्रतिबंधाचा कायदा तुम्हाला माहीत आहे, एजीएममध्ये त्याचं नाव घेऊनच वर्गणी मागता. इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू आणि सुस्थितीत आहे असं वर्षातून दोनदा लायसन्सधारक एजन्सीने, म्हणजे आमच्यासारख्यांनी, लिहून द्यायचं, एवढीच फॉर्म बी नावाच्या त्या कागदाची गोष्ट. चालू आहे, असं लिहायचं आहे. बसवलेली आहे, असं नाही. आमची तुमची सगळी भांडणं या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत होतात.

ठाण्यातली एक बावीस मजली सोसायटी घ्या. नाव घेत नाही, कारण निम्म्या शहरात तीच परिस्थिती आहे. पंपरूम स्वच्छ, पाइपांना नवा लाल रंग, भिंतीवर देवाचा फोटो. गेजचा काटा साडेअकरा किलोवर ताठ उभा. सेक्रेटरींचं म्हणणं, “बघा, प्रेशर फुल आहे. आणि हवं तर हायड्रंट उघडून दाखवतो.” त्यांनी तळमजल्याचा हायड्रंट, म्हणजे आगीच्या पाण्याचा नळ, उघडला. पाण्याचा फवारा कंपाउंडच्या भिंतीपलीकडे. वॉचमनसकट सगळे खूश.

आता हिशेब करा. इमारत साधारण ७० मीटर उंच. दहा मीटर उंच पाण्याच्या खांबाचा दाब ढोबळमानाने एक किलो. म्हणजे गच्चीपर्यंत भरलेल्या पाइपाच्या तळाशी, एकही पंप चालू नसताना, नुसत्या पाण्याच्या वजनाने सात किलो दाब असतो. गच्चीची टाकी त्या पाइपाला जोडलेली असेल, तर तळमजल्याचा हायड्रंट पंप भंगारात विकला तरी झकास उडेल. तळमजल्यावर टेस्ट करणं म्हणजे डॉक्टरांनी पेशंटच्या चपला तपासण्यासारखं आहे.

टेस्ट सगळ्यात वरच्या मजल्यावर करायची असते. तिथे साडेतीन किलो दाब मिळाला पाहिजे, आणि तोही पाणी वाहत असताना. वर चढवायला सात, वर उरायला साडेतीन, पाइपातल्या घर्षणाला एखादा; म्हणून खालच्या गेजवर साडेअकरा. पण काटा स्थिर असताना तो आकडा फक्त एवढंच सांगतो, की कोणीतरी, कधीतरी, पाइपात दाब भरून ठेवला आहे.

तर बावीसाव्या मजल्यावर जायचं. त्याआधी गच्चीची किल्ली शोधण्यात चाळीस मिनिटं गेली. ती चेअरमनकडे नव्हती, वॉचमनच्या केबिनमध्ये नव्हती. सोलरच्या कामासाठी आलेल्या माणसाने नेली होती. होज बॉक्स उघडला. आत ६३ मिलिमीटरचे १५ मीटरचे दोन होज हवेत, एक होता, घडीवर तडकलेला. ब्रांचपाइप, म्हणजे होजच्या टोकाला लावायचं नोझल, नव्हता. पितळ किंवा गनमेटलच्या वस्तू होज बॉक्समध्ये फार दिवस राहत नाहीत, भंगारात त्यांना बरा भाव येतो. आमचा होज लावला, तोंड गच्चीवर नेलं, वॉल्व्ह उघडला. चाक आधी फिरेना, मग एकदम फिरलं.

पहिला फवारा जोरात आला. पाइपात अडकलेल्या हवेचा तो जोर. दहा-पंधरा सेकंदांत धार वाकली, आखडली, आणि मग होजच्या तोंडातून बागेच्या नळीसारखं पाणी गळायला लागलं. गच्चीची टाकी तिथून जेमतेम चार-पाच मीटर वर, म्हणजे दाब अर्धा किलो. खाली पंपरूममध्ये उभ्या असलेल्या माणसाने फोनवर सांगितलं, काटा पडला, जॉकी चालू आहे, दुसरं काहीच उठलं नाही.

जॉकी म्हणजे तीन पंपांमधला छोटा. मिनिटाला साधारण १८० लिटर. हायड्रंटच्या एका होजला साडेचारशे लागतात. त्याचं काम आग विझवणं नाहीच; पाइपातल्या बारीकसारीक गळतीने उतरलेला दाब पुन्हा वर आणून ठेवायचा, बस. दाब साडेदहाच्या खाली गेला की जॉकीने उठायचं, साडेअकराला थांबायचं. नऊपर्यंत पडला की मेन पंपाने आपोआप उठायचं. लाइट नसेल किंवा मेन उठलाच नाही, तर साडेसातच्या आसपास डिझेलवाल्याने. आणि मेन एकदा उठला की आपोआप बंद होत नाही, माणसाने जाऊन बंद करायचा असतो. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, सगळं त्यातूनच घडलं.

पॅनेलवर जॉकी ‘ऑटो’ला होता. मेन आणि डिझेल, दोघांचे स्विच ‘मॅन्युअल’ला. का? चौदाव्या मजल्यावरच्या हायड्रंटच्या वॉल्व्हचा रबरी वॉशर झिजला होता, थेंब थेंब पाणी जायचं. त्यामुळे दर काही मिनिटांनी जॉकी घरघरायचा. पंपरूमच्या वरच्या फ्लॅटमधल्या काकांनी तक्रार केली, आणि त्यांचं काही चुकलं नाही, रात्री दोनला तुम्हीही केली असती. वॉचमनला हुकूम मिळाला, रात्री जॉकी बंद ठेवायचा. जॉकी बंद, गळती चालूच, दाब नऊवर आला, मेन उठला. मेनचा आवाज जॉकीच्या दसपट, आणि तो थांबेना. पूर्ण बिल्डिंग जागी. मग मेन मॅन्युअलला. मग त्याच न्यायाने डिझेलही. सकाळी जॉकी पुन्हा चालू, काटा साडेअकरावर, सगळं फुल.

एका वॉशरपायी. तो आम्ही त्याच दिवशी बदलला, वीस मिनिटांचं काम.

मेन पंप हाताने चालू करून पाहिला. फिरला, आवाजही केला, पण काटा वर चढेना. कपलिंगकडे टॉर्च मारून पाहिलं तर पंपावरच्या बाणाच्या उलट दिशेने फिरत होता. केव्हातरी पॅनेलची केबल बदलताना दोन फेज उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी देतो, म्हणून लवकर संशय येत नाही. रोजच्या वापराचा पंप असा फिरला असता तर तासाभरात वरच्या मजल्यांवरून फोन आले असते. हा किती दिवस उलटा होता, कोणाला सांगता आलं नाही. डिझेल इंजिनाच्या बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी, स्टार्टर दाबला की नुसतं ‘टक’.

आणि त्यांच्या फाइलीत मागच्या सहामाहीचा फॉर्म बी होता. यंत्रणा सुस्थितीत.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कसब आहे तर करून द्या आणि घ्या पैसे, सहीपाशी नाटक कशाला? खरं सांगतो, ते पंप महिन्याभरात नीट होतात. पैसा लागतो, पण नीट होतात. जे होत नाही ते कागदावर लिहायची जागाच नसते.

पाण्याचं बघा. आगीसाठीची टाकी वेगळी असते आणि पाणी आधी तिच्यात येतं, ती भरून वाहिली की घरगुती टाकीत जातं. त्यामुळे आगीचं पाणी शिळं होत नाही आणि घरगुती उपशाने ती रिकामीही होत नाही. चांगली रचना आहे. पण मे महिन्यात टँकर उशिरा येतो, तेव्हा कोणीतरी सबमर्सिबल पंप तिच्यात सोडतो, किंवा दोन टाक्यांमधल्या भिंतीला खालून भोक पाडून ठेवतो. हे चोर करत नाहीत, पाणी नसलेल्या घरातली माणसं करतात. महापालिकेने नव्या टॉवरना परवानगी दिली, पाण्याची लाइन तीच ठेवली, आणि तो हिशेब शेवटी फायरच्या टाकीत चुकता झाला. जुलैमध्ये मी सर्टिफिकेटसाठी टाकी मोजतो तेव्हा ती भरलेली असते.

रस्त्याचंही तेच. चार मजली, वीस बिऱ्हाडांची इमारत पाडून तिथे बावीस मजले. घरं हवीच आहेत. पुनर्विकासाला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही, त्या जुन्या इमारतींचे सज्जे मी जवळून पाहिले आहेत. पण इमारत वाढली तरी गल्ली वाढत नाही. बंबाला सहा मीटर मोकळी वाट आणि वळायला नऊ मीटरची त्रिज्या लागते. नकाशात ती असते. प्रत्यक्षात तिथे पाहुण्यांच्या गाड्या, जनरेटर, शोभेच्या कुंड्या असतात. भिंतीवर जिथून बंबाने पाणी इमारतीच्या पाइपात भरायचं, ते इनलेट मी दोनदा मधुमालतीच्या वेलामागे शोधून काढलं आहे. मुंबईकडे ९० मीटरची शिडी आहे, हे लोक मोठ्या विश्वासाने सांगतात. ती गाडी तुमच्या गेटमधून वळणार कशी, ते आधी सांगा. आणि एका बंबात साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं. दोन होज लावले तर पाच मिनिटांचं. पुढचं पाणी तुमच्या टाकीतूनच यायचं असतं.

६ ऑक्टोबर २०२३, गोरेगाव पश्चिमेची जय भवानी इमारत. झोपडपट्टी पुनर्वसनातली. पहाटे तीनच्या सुमाराला खाली पार्किंगमध्ये आग लागली. तिथे गाड्या होत्या आणि जुन्या कपड्यांचे गठ्ठे होते. त्या दिवशी सात माणसं गेली, चाळीसहून जास्त जखमी झाली, आणि धुराने गुदमरणं हेच त्यातलं मोठं कारण होतं. पार्किंगला लागलेल्या आगीत टायर, सीटचा फोम, प्लास्टिक जळतं, आणि तो धूर जिना व विजेच्या डक्टमधून चिमणीसारखा वर चढतो. डक्टमध्ये प्रत्येक मजल्यावर केबलभोवतीची फट आगरोधक माल भरून बंद करायची असते. ती बहुतेक इमारतींत उघडी असते, कारण इंटरनेटवाला दर वर्षी नवी वायर टाकतो आणि फोडलेलं परत भरत नाही.

त्या आगीच्या आधी ट्रेनिंगमध्ये मी एकच वाक्य सांगायचो. लिफ्ट नको, जिन्याने खाली. साधं, पाठ होणारं. पण आग खालीच असली आणि जिन्यात धूर भरलेला असला, तर ते वाक्य माणसाला थेट धुरात पाठवतं. आता सांगतो, दार हाताच्या मागच्या बाजूने चाचपा, गरम असेल किंवा जिन्यात धूर दिसला तर आतच थांबा, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत उभे राहा. यावर एका मीटिंगमध्ये एक बाई म्हणाल्या, “आणि बंब आलाच नाही तर?” त्यांच्या गल्लीत बंब वळत नाही, हे मीच त्यांना दहा मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. आणि रात्री तीनला घाबरलेल्या घरात हे दोन भागांचं वाक्य कोणाला आठवेल, याचीही मला खात्री नाही. जुनं वाक्य निदान आठवायचं तरी.

तर, सहीचं. मी सही नाकारली की तुम्ही नाराज होता आणि मला आपलं काम केल्यासारखं वाटतं. पण आठवड्याभरात दुसऱ्या कोणाची सही येते. माझी चार पानांची यादी तुम्ही फाइलीला लावत नाही, कारण ती लावली तर आगीनंतर तुमच्यावरच शेकेल. म्हणजे माझ्या नकाराने पंप सुलटा झाला नाही, फक्त तो उलटा आहे हे माहीत असलेला माणूस इमारतीबाहेर गेला. दुरुस्तीसाठी मुदत घेऊन आधी सही दिली असती तर निदान आत राहिलो असतो, असं वाटतं. मग मेच्या महिन्यातली ती मुदत डिसेंबरपर्यंत कशी लांबते, तेही आठवतं. माझे दोन्ही निर्णय दोन वेगवेगळ्या इमारतींत चुकलेले आहेत.

पैशाचं विचारलंत, तर त्यात तीन माणसं आणि पूर्ण एक दिवस आहे. एक पंपरूममध्ये, एक वर, एक मजल्यामजल्याने वॉल्व्ह, होज रील, फायर डोअर आपोआप बंद करणारे क्लोजर बघत. फायर डोअरला लाकडी पाचर लावलेली दिसली की ती काढून खिशात टाकतो, एवढं फुकट. रेफ्यूज एरियात, म्हणजे आगीत आसऱ्याला थांबायच्या मोकळ्या जागेत, ट्रेडमिल असेल तर ती तुम्ही हलवायची. मेन पंप वरच्या मजल्यावर पाणी सोडून दहा मिनिटं चालवणार. ते पाणी गच्चीवरून वाया जातं म्हणून दर वेळी वाद होतो; ते परत टाकीत सोडता येतं, पाइपाची सोय आम्ही आणू. डिझेल इंजिन मेनचा लाइट बंद करून आपोआप उठतं का ते बघणार, म्हणून लिफ्टवाल्या आजोबांना आधी सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी यादी. यादीतलं झाल्यावर पुन्हा अर्धा दिवस, मग सही.

यायच्या आदल्या दिवशी फोन करेन. तोपर्यंत गच्चीची किल्ली कोणाकडे आहे, तेवढं विचारून ठेवा.