सेन्सर लावला, पण प्रेस थांबते का?

मागच्या महिन्यात पुण्याजवळ भोसरीतल्या एका गाळ्यावर मशीनचे धोके बघायला गेलो होतो. सात-आठ पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा कापायची-दाबायची मशीनं, आणि गाड्यांच्या कंपन्यांना लागणारे ब्रॅकेट, वॉशर असलं काम. आत शिरल्या शिरल्या मालक मला थेट दोन नंबरच्या प्रेसपाशी घेऊन गेले, तिथं नवाकोरा लाइट कर्टन, म्हणजे किरणांच्या पडद्याचा सेन्सर बसवला होता, दोन पिवळे खांब आणि हिरवा दिवा. "आता टेन्शन नाही सर, हात आत गेला की मशीन बंद." मनापासून सांगत होते, खिशातले पैसे घातले होते आणि पोरांची काळजी होती म्हणूनच घातले होते. मी म्हटलं एकदा चालवून बघू. डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, उतरवून घेतली, ऑपरेटरला बाजूला उभं केलं, पुठ्ठ्याची एक लांब नळी हातात घेतली, मालकांना पायडल मारायला सांगितलं आणि रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा जड भाग, खाली निघाल्याबरोबर लांबूनच नळी आत सारली. हिरवा दिवा लाल झाला, पॅनलमधला मोटरचा स्विच, कॉन्टॅक्टर, खटकन पडला, मोटर बंद झाली. रॅम मात्र तसाच खाली आला, पूर्ण खाली, आणि वर जाऊन मगच थांबला.

मालक नुसते त्या दिव्याकडे बघत राहिले.

हे का झालं ते नीट सांगतो, कारण हा एकच मुद्दा समजला तरी बऱ्याच गाळ्यांवरची बोटं वाचतील असं मला खरंच वाटतं. जुन्या मेकॅनिकल प्रेसमध्ये पिन क्लच असतो, कोणी की क्लच म्हणतं. मोटर फ्लायव्हील फिरवत राहते, ते मोठं जड चाक सतत फिरतंच असतं, तुम्ही पायडल दाबलं की पिन फ्लायव्हीलच्या खाचेत बसते आणि क्रँकशाफ्ट त्याच्याबरोबर फिरायला लागतो. एकदा पिन बसली की पूर्ण एक फेरा होईपर्यंत ती बाहेर येतच नाही. अर्ध्यात सोडवायची सोयच त्या मशीनमध्ये नाहीये. मोटर बंद करा, मेन स्विच पाडा, लाल बटन दाबा, फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर तो स्ट्रोक पूर्ण करणारच. म्हणजे कितीही भारी सेन्सर आणला तरी तो ज्याला 'थांब' म्हणून सांगतोय त्याला थांबताच येत नाही. पिन क्लचच्या प्रेसला लाइट कर्टन लावायचाच नाही, सरळ हिशेब आहे. उलट न लावलेला बरा, कारण लावल्यावर पोराला वाटतं आपण सेफ आहोत आणि तो हात जास्त बिनधास्त घालतो.

मग कोणीतरी म्हणतं दोन हातांची बटनं लावू, दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस चालेल. त्याचंही गणित बघा. पिन क्लचला एकच खाच असेल तर बटन दाबल्यावर पिन खाचेत बसायला जवळजवळ पूर्ण एक फेरा जाऊ शकतो आणि पुढे रॅम खाली यायला अर्धा, म्हणजे दीड फेरा. मिनिटाला ६० स्ट्रोकची प्रेस असेल तर दीड सेकंद झाला. माणसाचा हात सेकंदाला साधारण १.६ मीटर जातो असं धरून हिशेब करतात, म्हणजे बटन डायपासून २.४ मीटर लांब पाहिजे. कोण बसवतो तेवढं लांब? मी तरी बघितलेलं नाही. सगळीकडे बटनं रॅमच्या दोन बाजूला, डायपासून वीतभर अंतरावर. बटन सोडलं, पीस वाकडा बसलाय असं दिसलं, हात गेला, आणि रॅम अजून यायचाच आहे.

एअरचा, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा क्लच-ब्रेक असलेली प्रेस असेल तर गोष्ट वेगळी. ती अधेमधे थांबते, तिथं लाइट कर्टनला अर्थ आहे. पण तिथंसुद्धा कर्टन डायपासून किती लांब लावायचा हे अंदाजाने ठरवायचं नाही, आधी प्रेस किती वेळात थांबते ते मोजून घ्यायचं. समजा किरण तुटल्यापासून रॅम थांबेपर्यंत ०.२ सेकंद लागले, तर हाताचा वेग इथं सेकंदाला २ मीटर धरतात, म्हणजे ४०० मिलीमीटर, आणि हे बोट ओळखणाऱ्या १४ मिलीमीटरच्या बारीक कर्टनला. कर्टनचे किरण विरळ असतील, बारीक बोट ओळखत नसतील, तर अंतर अजून वाढतं. ब्रेक लायनर झिजलं की थांबायचा वेळ वाढतो, मग तेच ४०० कमी पडायला लागतं, म्हणून ही मोजणी एकदा करून सोडून द्यायची नाही, पुन्हा पुन्हा करायची.

मी हे एवढं जीव तोडून का सांगतोय तर माझ्या पहिल्या नोकरीमुळे. आयटीआय करून नुकताच लागलो होतो, मेंटेनन्सला हेल्पर. तिथं प्रेसवर एक वयस्कर ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे, मला रोज डब्यातली चटणी द्यायचे. एकदम शिस्तीचे, चिमटा वापरणारे, कधी घाई नाही. एका दुपारी पीस तेलामुळे पंचला, म्हणजे रॅमला लावलेल्या वरच्या टूलला चिकटला, चिमट्याने निघेना, मामांनी पाय पायडलवरून बाजूला काढला, हात आत घातला आणि प्रेसने आपोआप दुसरा स्ट्रोक मारला. डबल स्ट्रोक म्हणतात त्याला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मामा ओरडले नाहीत, हात छातीशी धरून खाली बसले, आणि मी आपला कापूस कुठे आहे ते शोधत पळत होतो, फर्स्ट एडच्या पेटीला कुलूप होतं.

कागदावर 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. दोन दिवसांनी मी फिटरबरोबर तो क्लच उघडला. पिन परत ओढून धरणारा जो लॅच असतो त्याची धार झिजून गोल झाली होती, बोट फिरवलं तर साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. स्प्रिंगही ढिली. पिन अडकून राहायच्या ऐवजी घसरली होती, बस. मामांनी काहीच चूक केली नव्हती. तो गोल झालेला लॅच मला आजही डोळ्यासमोर दिसतो.

आपल्या कायद्यात बोटांचे टक्के ठरवून ठेवले होते माहितीय का, १९२३ च्या जुन्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, करंगळी ७, एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के. म्हणजे मामा २० टक्के. घरी जाऊन शर्टाची बटनं लावता येत नाहीत, भाकरीचा तुकडा नीट मोडता येत नाही, ते या टक्क्यांत कुठे बसतं?

तर आता मी कुठल्याही शॉपवर मशीनचे धोके बघायला जातो तेव्हा काय करतो ते सांगतो. बऱ्याच ठिकाणी ऑफिसमध्ये बसून एक्सेल भरतात, धोका किती मोठा त्याला १ ते ५, घडायची शक्यता किती त्याला १ ते ५, गुणाकार करायचा, मग 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं, हातमोजे दिले' असं लिहून आकडा २० वरून ८ वर आणायचा. हातमोज्याने चाळीस टन जोराने येणारा रॅम थांबतो का? ती शीट ऑडिटला चालते, प्रेसला तिचा काही उपयोग नाही. मी आधी मशीनपाशी स्टूल घेऊन बसतो, निदान अर्धा तास, आणि फक्त हात बघतो. हात कुठे जातो, किती वेळा जातो, कशासाठी जातो. भोसरीच्या त्या गाळ्यात एका शिफ्टला ३,००० पीसचं टार्गेट होतं, पीस हाताने ठेवायचा आणि हाताने काढायचा, म्हणजे ३,००० वेळा हात रॅमखाली. माणूस २,९९९ वेळा बरोबर असेल हो, पण अख्खं आयुष्य त्या एका वेळेवर टांगून ठेवायचं?

आणि नुसता चालू प्रॉडक्शनचा वेळ बघून भागत नाही. पीस अडकतो तेव्हा काय करतात, डाय सेटिंगला रॅमखाली ठोकळा लावतात का तसंच हात घालतात, साफसफाई करताना मेन बंद करून कुलूप लावतात का नुसतं 'कोणी चालू करू नका रे' म्हणून ओरडतात, शिफ्ट संपायच्या आधीच्या अर्ध्या तासात टार्गेट मागे असेल तर गार्ड कोण काढून ठेवतं, हे सगळं बघायला लागतं, आणि जो चालवतो त्याला विचारायला लागतं. विचारताना त्याचा साहेब शेजारी नको. शेजारी साहेब असला की उत्तर एकच येतं, "सगळं ओके आहे सर."

भोसरीच्या त्या प्रेसवरचा ऑपरेटर लातूरकडचा, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. दोन चहा झाल्यावर मोकळा बोलला. "सर, चिमटा दिलाय, पण पीस पंचला चिकटून वर जातो, चिमट्यानं निघत नाय, मग बोटानं काढायला लागतो. बोटानं काढला तर टार्गेट होतं." मी तिथंच थांबलो, कारण सगळं उत्तर त्याच्या या दोन वाक्यांत होतं आणि सेन्सरचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता. हात आत जातो कारण पीस चिकटतो. पीस चिकटायचा थांबवला आणि ठेवण्या-काढण्याचं काम हाताकडून काढून घेतलं की हात आत जायचं कारणच उरत नाही.

मशीनच्या सुरक्षेचं जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ १२१००, त्याचा क्रमही हाच आहे. आधी धोका डिझाइनमधूनच काढा, ते जमत नसेल तिथं गार्ड किंवा सेन्सर, आणि त्यानंतरही जे उरतं त्यासाठी सूचना, पाट्या, ट्रेनिंग. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं. ४ मार्चला सुरक्षा दिन आला की शपथ घेतात, पोस्टर लावतात, बिल्ले वाटतात, ते करा ना, माझा विरोध नाही, पण पोस्टरच्या खालीच उघडी डाय चालू असते. आणि १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम २१ मध्ये तर तेव्हाच लिहून ठेवलं होतं की गार्ड मजबूत पाहिजे आणि मशीन चालू असताना जागेवरच पाहिजे, कोपऱ्यात टेकवून ठेवलेला नाही.

आम्ही भोसरीत काय केलं, तर जॉब २ मिलीमीटर पत्र्याला भोकं पाडायचा होता, सपाट पीस. टूलरूमवाल्याला बोलावून डायच्या चारी बाजूंनी बंद गार्ड केला, समोर फक्त ५ मिलीमीटर उंचीची फट. ६ मिलीमीटरपर्यंतच्या फटीतून बोट धोक्याच्या जागेपर्यंत पोचत नाही असं धरतात, फक्त गार्ड डायला अगदी चिकटून नको, थोडं अंतर ठेवून पाहिजे. गार्डच्या बाहेर एक सरकती पट्टी, तिच्या पुढे पीस टाकायचा आणि दांड्याने आत ढकलायचा. पंचमध्ये एक छोटी स्प्रिंगची पिन बसवली, ती पीसला तेलावरून सोडवते, चिकटणं बंद. प्रेस थोडी मागे कलवली, मागून एअरची फुंकर, पीस आपोआप घसरून मागच्या क्रेटमध्ये. पायडलवर पत्र्याचं झाकण घातलं म्हणजे वरून काही पडून किंवा चुकून पाय पडून स्ट्रोक लागायला नको. क्लच उघडून लॅच आणि स्प्रिंग दोन्ही नवीन टाकले, आणि दर आठवड्याला उघडून बघायची तारीख भिंतीवर खडूने लिहायला लावली, कारण रजिस्टर कोणी उघडत नाही, भिंत सगळ्यांना दिसते.

चार दिवस गेले या सगळ्याला, खर्च त्या सेन्सरपेक्षा कमी आला. पहिले दोन दिवस पीस कमी निघाले, सुपरवायझर कुरकुरला, मालकांनी त्याला सांगितलं की हा आठवडा टार्गेटचं नाव काढायचं नाही. ही गोष्ट मला फार मोठी वाटली, कारण गार्ड बसवला आणि टार्गेट तेच ठेवलं तर आठव्या दिवशी गार्ड निघतोच, पोरं पाना घेऊन स्वतः काढतात, त्यांचा पगार त्या आकड्यावर असतो. आठवड्याच्या शेवटी पीस पूर्वीइतकेच व्हायला लागले होते.

परवा परत गेलो होतो. तो पोरगा एका हाताने पट्टी ढकलत होता, दुसरा हात मांडीवर निवांत. मला बघून उठला आणि म्हणाला, "सर, पाच नंबरला पण असंच करा ना, तिथं माझा चुलतभाऊ बसतो." पाच नंबरवर ड्रॉइंगचा जॉब आहे, पीस खोलगट निघतो, ५ मिलीमीटरच्या फटीतून काढता येणार नाही, तिथं हा उपाय चालत नाही. क्लचच बदलून एअरचा घ्यावा लागेल आणि मग थांबायचा वेळ मोजून तो पिवळा कर्टन तिकडे लावता येईल. मालकांनी कोटेशन मागवलंय. तोपर्यंत पाच नंबर बंद ठेवा म्हणून मी सांगितलं, त्यांनी मेनला कुलूप लावून किल्ली माझ्यासमोर ड्रॉवरमध्ये टाकली.