भारतात येऊन का नाही करून घेतलंस?

"तिकडे एवढा पैसा लागतो, तर इकडे येऊन का नाही करून घेतलंस?" साताऱ्याच्या मावशीपासून इथे न्यू जर्सीत एडिसनच्या हळदीकुंकवाला पहिल्यांदाच भेटलेल्या बायकांपर्यंत सगळ्यांनी मला माझ्या छातीतल्या गाठीच्या उपचारांबद्दल हे विचारून झालंय. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, हे कळतं मला. तरी दर वेळी "नाही जमलं" म्हणून मी विषय बदलते आणि घरी आल्यावर चिडचिड होते. तर तुम्हीही तेच विचारलंत म्हणून, यावेळी सगळं सांगते.

२०१२ साली अंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली. थोरल्या दिरांनी केलेल्या अर्जावर, कैक वर्षं नंबराची वाट पाहून आम्ही ग्रीन कार्डावर न्यू जर्सीला आलो होतो, त्याला फार दिवस झाले नव्हते. हे एका गोदामात कामाला, मी ओक ट्री रोडवर किराणा दुकानाच्या गल्ल्यावर. राज्यात किमान वेतन तेव्हा तासाला ७.२५ डॉलर होतं, मला तेवढंच मिळायचं. विमा दोघांनाही नव्हता. कामावर गेलं नाही की त्या दिवसाचा पगार गेला. आजारपणाची पगारी रजा या राज्यात आली ती २०१८ मध्ये.

आता भारताचं. गाठ म्हणजे एकदा डॉक्टरांना दाखवून यायचं काम नव्हे. मॅमोग्राम, सोनोग्राफी, बायोप्सी, रिपोर्टची वाट, ऑपरेशन, मग रेडिएशन, तेही आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे. एवढ्या दिवसांनी परत आल्यावर दुकानात माझी जागा कोणी राखून ठेवली असती? सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की ग्रीन कार्डवाल्याला विमानतळावर उलटतपासणीची धास्ती असते, ती वेगळीच. मुलीची शाळा होती. आणि तिकडे तरी कोण फुकट करणार होतं? राज्याची जीवनदायी योजना त्याच वर्षी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सातारा नव्हता. असता तरी रेशनकार्डावरची आमची नावं आम्ही निघतानाच कमी करून आलो होतो. "टाटाला दाखव" म्हणायला सोपं असतं. परळच्या फुटपाथवर अंथरूण टाकून बसलेल्या पेशंटच्या माणसांना विचारा, तिथे नुसतं राहायचं म्हटलं तरी काय काय लागतं ते.

ही सगळी कारणं खरी आहेत. पण मी वर्षानुवर्षं तेवढीच सांगत आले, आणि ती पुरी नाहीत.

तपासणी इथेच, घरापासून बसच्या अंतरावर, फुकट होत होती. दुकानात नेहमी येणाऱ्या एका नर्सबाईंनी मला सांगितलं होतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या १९९०च्या कायद्यातून बायकांच्या स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी राज्यांना पैसे मिळतात. न्यू जर्सीत त्या कार्यक्रमाला 'सीड' म्हणतात. विमा नसावा किंवा अपुरा असावा आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या अडीच पटीच्या आत असावं, एवढ्याच मुख्य अटी. आम्ही तिघं, म्हणजे आमची मर्यादा ४७,००० डॉलरच्या वर जात होती, आणि दोघांचे पगार मिळून आम्ही तिच्यापासून खूप खाली होतो. बाईंनी फॉर्मही आणून दिला.

तो फॉर्म घेऊन मी रविवारी दिरांकडे गेले. आधी त्यांना विचारायला हवं, असं यांचं म्हणणं पडलं. जाऊबाई पोळ्या करत होत्या. दिरांनी फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला, वर गेले आणि एक फाइल घेऊन आले. आमच्या वेळी त्यांनी भरून दिलेलं हमीपत्र त्यात होतं. पान उघडून त्यांनी सहीवर बोट ठेवलं. "ही सही माझी आहे. तुम्ही सरकारी मदत घेतली तर वसुली माझ्याकडून होणार. उद्या तुझ्या जावेच्या भावाचा अर्ज करायचाय, त्याचं काय?" मी म्हटलं, "भाऊजी, नुसती तपासणी आहे." ते म्हणाले, "तपासणीत काही निघालं तर? तिथे थांबणार आहे का ते?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे ताटाकडे बघत राहिले. जाऊबाईंनी पोळी उलटली, गॅस बारीक केला आणि गप्प राहिल्या. मला दिरांपेक्षा त्यांचा जास्त राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. दीर वाईट नाहीत. आल्या आल्या आम्हाला त्यांनी आपल्या बेसमेंटमध्ये ठेवलं, एक डॉलर भाडं घेतलं नाही. "जरा थांब, पुढच्या वर्षी विम्याचं बघू," असं ते अगदी मायेने म्हणाले. मी फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला आणि जेवले. त्या दिवशी आमटीत मीठ कमी होतं, हेसुद्धा लक्षात आहे.

महिने गेले. गाठ वाढतेय की मला तसं वाटतंय, ते कळेना. शेवटी दुकानाच्या मागे, तांदळाच्या पोत्यांशी उभं राहून मी 'सीड'च्या नंबरावर फोन लावला. त्यांनी लाइनवर हिंदी दुभाषी घेतली. पलीकडच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं: याची वसुली स्पॉन्सरकडून, म्हणजे हमी देणाऱ्याकडून होत नाही. मी दिरांना न सांगता गेले.

निघाला तो कॅन्सरच. या कार्यक्रमात निदान झालेल्या बायकांना उपचारासाठी मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी विमा, देण्याची सोय २००० सालच्या कायद्याने झाली आहे, पण १९९६च्या कायद्याने नव्या ग्रीन कार्डवाल्यांना पाच वर्षं थांबायला लावलंय. माझी पाच वर्षं झालेली नव्हती, म्हणून मला मेडिकेड मिळणार नव्हतं. राहिली हॉस्पिटलची चॅरिटी केअर, म्हणजे उत्पन्न बघून मिळणारी बिलमाफी. कागद जमवताना जीव मेटाकुटीला आला. हॉस्पिटलचं बिल माफ झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं आणि फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरांचं बिल वेगळं आलं. त्यांना माफी लागू नव्हती. ती आम्ही हप्त्याहप्त्याने फेडली. पहाटेचं रेडिएशन, नंतर गल्ला.

आमच्यातले बरेच जण छातीठोकपणे सांगतात, "अमेरिकेत इमर्जन्सीत कोणाला परत पाठवत नाहीत." पूर्वी मीही सांगायचे. १९८६चा तो कायदा खराच आहे. पण गाठ ही इमर्जन्सी नसते. ती इमर्जन्सी होईपर्यंत हातात काही उरत नाही, आणि इमर्जन्सीतून बाहेर आल्यावर बिल येतंच.

आता बायका माझ्याकडे येतात. २०१४ पासून विम्याचा सरकारी बाजार सुरू झाला, उत्पन्न बघून फी घेणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स तर आधीपासून आहेत. मी पत्ते देते, सोबत जाते. पण २०२० मध्ये पब्लिक चार्जचा, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून राहील असं वाटणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारण्याचा, कडक नियम लागू झाला तेव्हा एकीने भरलेला फॉर्म माझ्या हातात परत दिला. तिच्या नवऱ्याचं ग्रीन कार्ड व्हायचं होतं. अशी तपासणी त्या नियमात धरलेली नव्हती, ते मी तिला सांगितलं. "आज नाही, उद्या धरली तर?" असं तिने विचारलं. पुढच्याच वर्षी तो नियम रद्द झाला, पण तेव्हा मी तिला काय हमी देणार होते?

दिरांची भीती निव्वळ अडाणीपणाची होती, असं मी बरीच वर्षं म्हणत होते. आता तेवढ्या ठामपणे म्हणवत नाही. त्यांच्याकडून कोणी काही वसूल केलं नाही, करणारही नव्हतं; तरी माझे महिने गेले ते गेलेच. म्हणून येणाऱ्या बाईला मी आधी तपासणी करून घ्यायला सांगते, आणि तिच्या नवऱ्याचा, सासऱ्याचा, दिराचा फोन आला तर तिला बाजूला बसवून मीच बोलते. काही जण ऐकतात, काही फोन ठेवून देतात.