ओल्या लाकडाचा वाडगा

शेजारच्या आजींच्या परसातलं अ‍ॅशचं झाड गेल्या वर्षी तोडावं लागलं. ब्रिटनमध्ये २०१२ साली पहिल्यांदा आढळलेल्या एका बुरशीमुळे इथली अ‍ॅशची झाडं शेंड्याकडून वाळत चालली आहेत. आजींचं झाड त्यांच्या लग्नाआधीपासूनचं. तोडणारे ओंडके जळणासाठी नेणार होते. मी दोन मागून घेतले. आजी म्हणाल्या, "त्यातलं काही झालं, तर मला दाखवायला आण हं."

लाकूड कातायचा हा नाद लागला तो रेडिंगच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात. इथे राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात लेकाला घेऊन गेले होते. तिथे जॉर्ज लेली नावाच्या कातार्‍याचा लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, ठेवला आहे. जवळच्या बकलबरी गावात हा माणूस एल्मच्या लाकडाचे वाडगे कातायचा. १९५८ मध्ये वारला. लेथला मोटर नाही. वर एक लवचीक दांडा, त्याची दोरी लाकडाला वेढा देऊन खाली पायाच्या पट्टीला बांधलेली. पट्टी दाबली की लाकूड आपल्याकडे फिरतं, सोडली की दांडा ते उलटं फिरवतो. म्हणजे कापायला निम्माच वेळ मिळतो. एवढ्यात तो एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढायचा, आकड्यासारख्या वाकड्या हत्यारांनी. मी काचेपाशी किती वेळ उभी होते कोण जाणे, लेक कंटाळून हात ओढायला लागला.

माझं आजोळ सावंतवाडीचं. चितारआळीतली लाकडी फळं, भोवरे, भातुकली बघत मी वाढले, पण ते कातणारे हात कधी नीट पाहिले नव्हते. 'कातीव' हा शब्द आपण चेहर्‍याला, शिल्पाला सहज लावतो. तो लेथवरचा शब्द आहे हे मला रेडिंगमध्ये कळावं, याचं अजूनही वाईट वाटतं.

आता माझ्याकडे गॅरेजमध्ये विजेवर चालणारा छोटा लेथ आहे. हत्यार म्हणजे पन्हळीसारखी खोलगट, लांब मुठीची पटाशी. इथे तिला गाऊज म्हणतात. सारं कौशल्य एका गोष्टीत आहे. धार लाकडाला भिडवण्याआधी धारेमागची उतरती बाजू लाकडावर टेकवायची, मग मूठ हळूहळू उचलत न्यायची, जोवर धार स्वतःहून कापायला लागत नाही. ती बाजू सुटली आणि धार एकटीच लाकडात घुसली, की लाकूड हत्यार हिसकावून घेतं. माझा तिसरा वाडगा असाच चकमधून, म्हणजे लाकूड पकडणार्‍या जबड्यातून, उडाला आणि चेहर्‍यावरच्या ढालीवर आपटला. ढाल नसती तर डोळा गेला असता. म्हणून कुणी हे शिकणार असाल तर हत्यारांच्या आधी ढाल आणि धुळीचा मास्क घ्या. फिरवण्याचा वेगही व्यासावर ठरतो: दहा इंची लाकूड मिनिटाला सहाशे ते नऊशे फेर्‍यांच्या वर नेऊ नये. ठोकळा ओबडधोबड असेल तर त्याहून कमी.

ओल्या अ‍ॅशवर जमून आलं की पांढर्‍या, ओलसर रिबिनी खांद्यावरून मागे जातात. हाताला गारवा लागतो, कापलेल्या लाकडातून पाण्याचे बारीक थेंब उडतात. झाड तोडून दोन आठवडे झाले होते, तरी आत एवढं पाणी.

पण ओला वाडगा पुरा करता येत नाही. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, तेवढं गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसत नाही, साधारण निम्मंच. त्यामुळे गोल कातलेला वाडगा लंबगोल होतो. म्हणून आधी जाड कातायचा, व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी भिंत ठेवायची, ढलप्यांसकट कागदी पिशवीत घालून गार जागी ठेवून द्यायचा आणि वाळल्यावर दुसर्‍यांदा कातायचा. घाई केली तर तडकतो. पहिल्या ओंडक्याचा वाडगा मी खोली तापवणार्‍या रेडिएटरजवळ ठेवला. चौथ्या दिवशी काठापासून तळापर्यंत चीर गेली. आजींच्या झाडाचा तुकडा आपल्या हातून वाया गेला, याने मला फार लागलं. त्यांना सांगायला गेले तर त्यांनी तोच मागून घेतला. आता त्यात त्या कांदे ठेवतात.

दुसर्‍याला आठ महिने झाले. तळाशी पेन्सिलीने तारीख लिहिली आहे आणि दर रविवारी मी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते. वजन उतरायचं थांबलं की समजायचं, पाणी गेलं. सुरुवातीला आठवड्याला चाळीस-चाळीस ग्रॅम उतरत होता. गेल्या रविवारी ९१२ भरला, या रविवारी ९१०. आजी कुंपणापलीकडून आकडा विचारतात.