शहनाईच्या जागी एस.टी.चा हॉर्न

आषाढ लागला की लग्नं थांबतात आणि बँडवाल्यांना जरा दम खायला मिळतो. माझी धावपळ मात्र तेव्हाच सुरू होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसते, आणि नवी अहिराणी गाणी त्याआधी तयार हवी असतात. अमळनेरला घराच्या माळ्यावर माझी खोली आहे. एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या गोधड्या आणि एक कूलर. रेकॉर्डिंग चालू झालं की तो बंद करावा लागतो, मग आत भट्टी.

त्या वर्षी गाण्याला कीबोर्ड वाजवायला नाना आले. आयुष्य बँडच्या गाडीवर गेलेला माणूस. रोलँडचा जुना कीबोर्ड चादरीत गुंडाळून आणला होता, सोबत शंभर पानी वही. कीबोर्डात स्वतःचे आवाज साठवायची जी जागा असते, ती त्यांनी वर्षानुवर्षं बसून भरली होती. 1 ते 128. प्रत्येक आकड्यापुढे वहीत नाव. वही माझ्या हातात देत म्हणाले, "हाई सांभाळ. बाकी कीबोर्ड गया तरी चाली."

रेकॉर्डिंगला मी केकवॉक हे सॉफ्टवेअर वापरतो. कीबोर्डात कोणते आवाज आहेत हे सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही. आपण एक साधी मजकुराची फाईल लिहून द्यायची: अमुक बँक (म्हणजे आवाजांचा कप्पा), तमुक आकडा, त्याचं नाव हे. मग ट्रॅकवर नावांची यादी उघडते. तुम्ही नाव निवडता, पण तारेतून कीबोर्डला जातात ते नुसते आकडे. यादीत 'शहनाई' लिहिलंय म्हणून तिथे शहनाई असेलच असं नाही, लिहिणारा चुकला की सगळंच चुकलं.

रात्री जेवण आटोपून फाईल लिहायला बसलो. बँकेचा आकडा आधी काढला, कारण अनेकांची गाडी तिथेच अडते. कॉम्प्युटर आणि कीबोर्ड एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती मिडी, आणि बँक निवडायला तिच्यात दोन संदेश असतात, कंट्रोलर 0 आणि कंट्रोलर 32. कोणती कंपनी कोणता कशाला वापरेल याचा नेम नाही. एकाच आवाजाचे वेगवेगळे प्रकार रोलँडच्या जीएस पद्धतीत पहिल्या आकड्याने निवडतात, यामाहाच्या एक्सजी पद्धतीत दुसऱ्या. नानांच्या कीबोर्डच्या माहितीपुस्तकात शेवटच्या पानांवर तक्ता होता: स्वतःचे आवाज 87 आणि 0. केकवॉकच्या फाईलमध्ये दोन्हींचा मिळून एकच आकडा लिहावा लागतो, पहिल्याला 128 ने गुणायचं आणि दुसरा मिळवायचा. 87 गुणिले 128, 11136. हे बरोबर आल्यावर मी स्वतःवर इतका खूश झालो की पुढचं डोळे झाकून टाईप केलं.

त्यात एक शहाणपणा केला. नानांच्या वहीतली नावं ही अशी: 'पारोळा', 'रडकी', 'मामानी पावरी' (पावरी म्हणजे आमच्याकडचं फुंकून वाजवायचं वाद्य), 'नवरी निंघनी'. मी प्रत्येक आवाज वाजवून पाहिला आणि त्याला 'नीट' नाव दिलं. व्हायोलिन 1, व्हायोलिन 2, बासरी 3. रात्री दोनला 128 ओळी पूर्ण झाल्या. एवढंच खटकलं की यादी उघडल्यावर सगळ्यात वर नावाऐवजी नुसतं 0 दिसत होतं. शून्य म्हणजे काही नाही, असं समजून झोपलो.

सकाळी गायक, ढोलकीवाला आणि निर्माता, तिघंही हजर. गाण्याची सुरुवातच शहनाईची. मी ऐटीत यादी उघडली, शहनाई निवडली आणि प्ले दाबलं.

एस.टी.चा हॉर्न. तोही सुरात, शहनाईची अख्खी ओळ हॉर्नमध्ये. वरातीत पोरांना हसवायला नानांनी तो आवाज कधीतरी बनवून ठेवला होता. ढोलकीवाला हसून हसून गोधडीला टेकला. निर्माता हसला नाही, तो घड्याळ बघत होता.

मी केबल काढून लावली. चॅनेल तपासलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, जे कळत नसताना आपण सगळेच करतो. हॉर्न कायम. इतका वेळ नाना गप्प बसून कीबोर्डच्या छोट्या पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "भो, शहनाई मनी एक्केचाळीसवर शे. तू दाबस तव्हय आठे बेचाळीस दिखस."

आणि ते वरचं शून्य माझ्या डोक्यात पेटलं. मिडी 1983 साली आलं तेव्हापासून आवाजाचा आकडा तारेतून 0 ते 127 असाच जातो. माणसं एकपासून मोजतात म्हणून बहुतेक कीबोर्ड पडद्यावर त्यात एक मिळवून दाखवतात. मी वहीतला 41 फाईलमध्ये जसाच्या तसा लिहिला होता. कॉम्प्युटरने 41 पाठवला, कीबोर्डने तो बेचाळिसावा धरला. 128 च्या 128 ओळी एक घर सरकलेल्या. जनरल मिडी या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या कीबोर्डांसाठी ठरलेल्या आवाजांच्या यादीत शहनाई 112 वी आणि तिच्यानंतर 113 वर किणकिणणारी छोटी घंटा आहे. तिथे हीच चूक झाली असती तर कानबाईच्या गाण्यात खपूनसुद्धा गेली असती.

आकडे एक्सेलमध्ये टाकून सगळ्यांतून एक वजा केला, दहा मिनिटांचं काम. शहनाई वाजली. पण पुढच्या कडव्याला नाना पडद्यासमोर येऊन यादी वरून खाली, खालून वर बघत राहिले.

"मना पारोळा कथा गया?"

पारोळा म्हणजे मी केलेलं व्हायोलिन 2. पारोळ्याच्या एका लग्नात ऐन वरातीत त्यांचा व्हायोलिनवाला आला नव्हता. तेव्हा नानांनी गाडीवर उभ्या उभ्या तो आवाज जमवला होता. व्हायोलिन 2 म्हटल्यावर त्यांना काही आठवत नव्हतं आणि मला 'रडकी' म्हणजे काय ते वहीशिवाय कळत नव्हतं. गाणं माझ्या हाताने व्हायचं असलं तरी वाजवणारे ते होते. जेवायला सगळे खाली गेले, शेवभाजीचा वास जिन्यातून वर येत होता, आणि मी वही पुढे ठेवून 128 नावं पुन्हा टाईप करत बसलो. या वेळी त्यांचीच. देवनागरीत लिहून पाहिली तर फाईल जतन करताना सगळ्यांची प्रश्नचिन्हं झाली, म्हणून शेवटी इंग्रजी अक्षरांत.

एकाच जागी अडलो. वहीत 97 पुढे नाव लिहून खोडलेलं होतं, पेन इतकं दाबून की कागद फाटलेला. आवाज मात्र होता, पावरीसारखाच, पण खालच्या पट्टीतला. नाना वर आल्यावर विचारलं, इथे काय लिहू?

"काहीच नको. मले माहीत शे."

ती ओळ रिकामी सोडली. संध्याकाळी सातला गाणं संपलं, निर्माता पैसे देऊन गेला.

ती फाईल अजून माझ्याकडे आहे. यादीत नाव नसलं की केकवॉक नुसता आकडा दाखवतो, आणि तो शून्यापासून मोजतो. नाना दरवर्षी आषाढात येतात, नावं बघत बघत खाली जातात आणि तिथे थांबून पडद्याला बोट लावतात.

"शहाण्णव नही रे. सत्त्याण्णव शे ते."